धोंडीचा सांडवा

घाट उतरून शेलवणकडे निघालं की तांबडी नदीवरचा नवा पूल लागतो. पुलावर उभं राहून खालच्या अंगाला पाहिलं, तर नदी जिथे ऐसपैस पसरते तिथे पात्रात आडवी, जराशी वाकडी, अशी दगडांची एक रांग दिसते. हा सांडवा. नदी ओलांडता यावी म्हणून पात्रात रचलेला दगडी बांध. पाणी वाढलं की ते त्याच्यावरून सांडत पलीकडे जातं, आणि माणूस त्या सांडत्या पाण्यातून पाय रोवत चालतो. या सांडव्याचे दगड एकसारखे नाहीत. तळातले बसल्या बैलाएवढे, वरचे नारळाएवढे, आणि फटींमध्ये तर मुठीत मावतील एवढाले, शेकड्यांनी. नवखा माणूस विचारतो, एवढे बारके दगड कोणी आणि कशाला बसवले?

काठावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. तिथले शिवराम गुरव आता ऐंशीच्या घरात आहेत. शाळांच्या सहली आल्या की शिक्षक मुलांना त्यांच्यासमोर ओट्यावर बसवतात. गुरवबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"वर्षाचे महिने किती?"

"बारा!" सगळी मुलं एका सुरात ओरडतात.

"नीट आठवा. कधी कधी तेरा असतात."

मुलं हसतात. मग बाबा बोटं दुमडत हिशेब सांगतात. चंद्राचे बारा महिने भरले की दिवस होतात तीनशे चोपन्न. सूर्याचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. म्हणजे दर वर्षी अकरा दिवस कमी पडतात. ते तसेच सोडले तर दिवाळी मागे मागे सरकत भर पावसात येईल आणि होळी कडाक्याच्या थंडीत. रमजान बघा, कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. कारण त्या कालगणनेत जास्तीचा महिना घालत नाहीत. आपल्या पंचांगात मात्र अडीच-तीन वर्षांची तूट साठली की एक अख्खा महिना मध्ये घालतात. तो अधिक महिना. लोक त्याला मलमास किंवा धोंड्याचा महिना म्हणतात.

"त्याला स्वतःचं नाव नसतं," बाबा सांगतात. "पुढे जो महिना यायचा असेल त्याचंच नाव तो लावतो. आधी अधिक श्रावण, मग खरा श्रावण, त्याला म्हणायचं निज श्रावण. या जादा महिन्यात सूर्य रास बदलत नाही. म्हणून त्यात लग्न नाही, मुंज नाही, बारसं नाही, नव्या घराचा पाया नाही. कुठलाही देव म्हणे या महिन्याला आपला म्हणायला तयार नव्हता. शेवटी विष्णूने त्याला जवळ घेतलं आणि आपलं पुरुषोत्तम हे नाव दिलं."

एवढं झालं की ते मुलांकडे वळतात.

"आता सांगा. यंदा अधिक आषाढ आला, तर पुन्हा अधिक आषाढच कधी येईल? कधी आठ वर्षांनी, कधी अकरा वर्षांनी, नाहीतर थेट एकोणीस वर्षांनी. मग त्या महिन्यात जन्मलेल्या पोराचा वाढदिवस कधी करायचा?"

मुलं एकमेकांकडे बघतात. बाबा नदीकडे तोंड करून बसतात आणि गोष्ट सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा पूल नव्हता आणि सांडवाही नव्हता. नदीच्या अलीकडे शेलवण आणि पलीकडे पैलवाडी. उन्हाळ्यात घोटाभर पाण्यातून शेळ्यासुद्धा ये-जा करायच्या. पण आषाढ लागला, की वरच्या डोंगरातली तांबडी माती घेऊन नदी अशी फुगायची, की चार महिने या काठाचा माणूस त्या काठाला दिसायचा फक्त, भेटायचा नाही.

शेलवणात म्हादबा नावाचा पाथरवट राहत होता. जाती आणि पाटे-वरवंटे घडवावेत, देवळाच्या पायऱ्या घडवाव्यात, असं त्याचं काम. त्याची बायको सगुणा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते. अख्ख्या पंचक्रोशीत सुईण एकच, भिवराबाई, आणि ती राहायची पैलवाडीत.

त्या साली आषाढ अधिक आला होता. अधिक आषाढ शुद्ध पंचमीला सकाळी सगुणेला कळा सुरू झाल्या आणि नदीला पूर होता. म्हादबा काठावर गेला आणि जीव खाऊन हाका मारायला लागला. पलीकडून कोणीतरी भिवराबाईला बोलावून आणलं. ती आपलं गाठोडं डोक्यावर घेऊन पाण्यापाशी आली, गुडघ्यापर्यंत आत शिरली आणि मागे सरली. पाणी माणसाच्या उंचीच्या वर होतं. मग तिने काठावरून ओरडून सांगायला सुरुवात केली: तिला कुशीवर निजवा, ऊन पाणी करा, पोटाला असा हात लावा. तिचे हात हलताना दिसायचे, तोंड हलताना दिसायचं. पण शब्द निम्मेच यायचे. जे कानावर पडेल ते घेऊन म्हादबा घराकडे पळायचा, बायकांना सांगायचा, आणि पुढचं विचारायला पुन्हा काठावर यायचा. दिवसभर त्याच्या अशा किती खेपा झाल्या कोण जाणे. तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. ती रडली. सगुणा मात्र दिवस मावळायच्या आत गेली.

भिवराबाई अंधार पडेपर्यंत पलीकडच्या काठावर भिजत उभी होती. कोणीतरी या काठावरून हात हलवून तिला 'नाही' अशी खूण केली, तेव्हा ती वळली.

गावचे जोशी होते रामेश्वरभट. सरळ माणूस, पण पंचांगाच्या बाहेर पाऊल न टाकणारा. बाराव्या दिवशी शेजारणी विचारायला गेल्या, तर ते म्हणाले, "अधिक महिना चालू आहे. यात बारसं होत नाही. निज आषाढ लागू द्या." निज आषाढ लागला. पण तोवर म्हादबाने घराचं दार लावून घेतलं होतं, पाळणा बांधायला घरात कोणी बाईमाणूस उरलं नव्हतं, आणि त्याच महिन्यात जोशांच्याच घरी मुलगी झाली. त्या अन्नपूर्णेच्या बारशाला सारं गाव जेवलं. पाथरवटाच्या पोरीचं बारसं राहिलं ते राहिलंच. धोंड्याच्या महिन्यातली म्हणून लोक तिला धोंडी म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं.

पोर शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाढली. म्हादबा तिला दोन वेळा खायला घालायचा, आजारी पडली तर उशाशी बसायचा. पण बोलायचा फार थोडं. आणि नदीकडे तर तो पुन्हा म्हणून गेला नाही. पाणी शेजारचे आणून द्यायचे.

अन्नपूर्णेचा वाढदिवस दर आषाढात व्हायचा. पाट मांडायचा, निरांजन ओवाळायचं, हातावर साखर पडायची. धोंडी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघायची. सहा वर्षांची असताना तिने एकदा जोशांना विचारलं, "माझा कधी?"

रामेश्वरभटांनी प्रामाणिकपणे बोटांवर मोजलं. "तुझा महिना अजून आला नाही बाळ. आणखी तेरा वर्षांनी येईल."

देवळासमोर खेळणाऱ्या पोरांनी हे ऐकलं आणि तिचा पिच्छाच पुरवला. "धोंडी अजून जन्मलीच न्हाई! धोंडीला वय न्हाई!" अन्नपूर्णा तिच्या बाजूने भांडायची, पण तीही एकदा रागात म्हणून गेली, "तू वाईट महिन्यातली आहेस म्हणून तुझी आई मेली. माझी मावशी सांगत होती." दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वाट्याचा लाडू आणून धोंडीच्या हातात ठेवला. पण ते बोलणं धोंडीच्या मनातून गेलं नाही. आपण आलो त्या महिन्यानं आईला नेलं, असंच ती धरून चालली.

अशी चौदा वर्षं झाली, म्हणे. अन्नपूर्णा लग्न होऊन सासरी गेली. धोंडीला कोणी मागणी घातली नाही. त्या वर्षी चैत्राच्या उन्हात भिवराबाई नदी ओलांडून शेलवणात एका बाळंतिणीला बघायला आली होती. जाताना ती म्हादबाच्या दारापाशी थबकली. दर वर्षी ती त्या वाटेने जायची, पण आत यायचं धाडस तिला झालं नव्हतं. त्या दिवशी धोंडी ओट्यावर केसांचा गुंता सोडवत बसली होती. भिवराबाई तिच्या मागे बसली, गाठोड्यातून तेलाची बुधली काढली आणि तिच्या डोक्याला तेल लावायला लागली.

"तुम्ही कोण?" धोंडीने विचारलं.

"तुझ्या आईपाशी पोचू न शकलेली बाई."

आणि तिने सगळं सांगितलं. पूर, हाका, म्हादबाच्या खेपा, काठावर काढलेला तो दिवस. "माझा आवाज पाण्यानं खाल्ला गं. पोर आडवी असंल तर हातानं फिरवा, एवढंच मला सांगायचं हुतं. ते तुझ्या बापाला कधी ऐकूच गेलं न्हाई. मी हात लावला असता तर तुम्ही दोघी वाचला असता."

धोंडीने वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे महिना वाईट नव्हता?"

"महिन्याला काय कळतंय? नदीला वाट नव्हती."

भिवराबाई गेली. धोंडी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच नदीवर एकटी गेली आणि मग रोज जायला लागली. लोक ज्या ठिकाणाहून नदी ओलांडत तो उतार अरुंद होता. अंतर कमी म्हणून वाट तिथे पडली होती. पण अरुंद म्हणूनच पुरात तिथे पाणी खोल आणि जोराचं असायचं. देवळाखाली मात्र नदी तिप्पट रुंद होती आणि मधोमध काळ्या कातळाची पाठ वर आलेली होती. मागच्या पुराच्या काडीकचऱ्याच्या खुणा तिने दोन्हीकडे पाहिल्या. उताराच्या काठावर त्या तिच्या डोक्याच्याही वर होत्या. इथे कातळावर त्या जेमतेम मांडीपर्यंत होत्या. इथे दगडांचा बांध घातला तर पुरातही माणूस चालून जाईल, असं तिला वाटलं. तिने ते बापाला सांगितलं.

"नदीचं नाव काढू नको," एवढंच म्हादबा म्हणाला.

त्या साली वैशाख अधिक आला. वैशाख म्हणजे लग्नसराईचा महिना. चैत्र अमावास्येला रामेश्वरभटांनी पारावर बसून पंचांग वाचलं आणि सांगितलं, की उद्यापासून तीस दिवस लग्न नाही, वास्तू नाही, काही नाही. ज्यांच्या घरी लग्नं ठरली होती ते कुरकुरले. वाजंत्री हिरमुसले. शेतं नांगरून पडली होती आणि पावसाला अवकाश होता. सारं गाव महिनाभर रिकामं बसणार होतं. बायकांच्या बाजूने तेव्हा एक पोर उठून उभी राहिली.

"जोशीबुवा, या महिन्यात काय काय चालत न्हाई, ते कळलं. चालतं काय?"

लोक वळून बघायला लागले. पाटील म्हणाले, "कुणाची गं तू?" कोणीतरी हळूच सांगितलं, "पाथरवटाची धोंडी."

रामेश्वरभट म्हणाले, "या महिन्यात नवं काही आरंभायचं नाही. दान मात्र चालतं. इतर वेळेपेक्षा त्याचं पुण्यही जास्त. तेहेतीस अनारसे, तेहेतीस सुपाऱ्या, ज्याला जे जमेल ते द्यावं."

"धोंड्याच्या महिन्यात धोंडे दिले तर?"

पारावर हशा पिकला. पण ती बसली नाही. "प्रत्येक घरानं तेहेतीस धोंडे द्यायचे. मोठ्यांनी मोठे, पोरांनी लहान."

"आणि घेणार कोण?" पाटलांनी विचारलं.

"नदी घेईल. देवळाखाली, कातळाच्या रेषेत. काम आरंभायचं न्हाई, नारळ फोडायचा न्हाई, कशाला नाव द्यायचं न्हाई. नुसतं दान करायचं." मग तिने नदीकडे बोट केलं. "भिवराबाई त्या काठावर उभी हुती आन् माझी आई या काठावर गेली. तुमच्या कुणाच्या घरी पुढच्या पावसात कळा लागणार असतील, तर ती आजही त्याच काठावर हाय."

हशा थांबला. त्या गर्दीत पोटुशा तीन बायका तरी होत्या.

सगळ्यांनी जोशांकडे पाहिलं. रामेश्वरभटांनी पंचांग मिटलं, मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "दगड दान देऊ नये, असं मी कुठे वाचलेलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला दगड त्यांनीच नेला. उचलायची सवय नव्हती. दोनदा तो वाटेत खाली ठेवला, म्हणे.

मग लोक यायला लागले. पुरुष पहारींनी मोठे दगड लोटत आणायचे, बायका टोपल्यांतून, पोरं ओच्यातून. पलीकडून पैलवाडीकरांनीही आपल्या काठापासून दगड टाकायला सुरुवात केली. वाजंत्र्यांना दुसरं काम नव्हतं, ते काठावर बसून वाजवायचे. पण दगड टाकणं निराळं आणि रचणं निराळं. आठ दिवसांत नदीत नुसता ढीग झाला. त्यावर पाय ठेवला की दगड घरंगळायचे. दोघांचे पाय मुरगळले. लोक म्हणायला लागले, "मलमासातलं काम, असंच व्हायचं."

नवव्या दिवशी म्हादबा आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. आधी तो दूर आंब्याखाली उभा होता. पोरं दगड कसेही रचत होती, ते पुन्हा पुन्हा ढासळत होते आणि तो तिथूनच मान हलवत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो तरातरा खाली आला, थेट पाण्यात शिरला आणि ओरडला, "असं लावत्यात व्हय दगड! बुड बघा आधी त्याचं. जड बाजू खाली, सपाट बाजू वर, आन् दोहोंच्या सांध्यावर तिसरा!" एका पोराच्या हातातला दगड घेऊन त्याने तो फिरवला, ठोकला, बसवला आणि वर उभा राहून उडी मारून दाखवली. दगड हलला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण नदीत उभे आहोत. तो तसाच उभा राहिला. धोंडी त्याच्याजवळ गेली. बाप-लेक काय बोलले ते कोणाला माहीत नाही. मग म्हादबाने छिन्नी आणि दगड फोडायची जड सुतकी मागवून घेतली.

तीस दिवस झाले आणि निज वैशाख लागला. लग्नांचे ढोल वाजू लागले, लोक पांगले. सांडवा कमरेएवढा झाला होता, पण मधला भाग अर्धवट होता. त्या पावसात वरचा सगळा थर पुराने उचलून नेला. पुन्हा कुजबुज सुरू झाली. पाणी ओसरल्यावर धोंडी जाऊन बघते तर निम्मे दगड गायब. ती काठावर मटकन बसली. म्हादबा मात्र ओणवा होऊन पाण्यात हात घालत चालला होता, या काठापासून त्या काठापर्यंत. परत येऊन म्हणाला, "तळ जागचा हलला न्हाई. मी बसवलेला एकही दगड गेला न्हाई. वरचं काय, पुन्हा करू."

दोन-अडीच वर्षांनी अधिक भाद्रपद आला. तेव्हा नदी भरून वाहत होती, दगड घालणं शक्य नव्हतं. तरी लोकांनी आपापले तेहेतीस आणून काठावर ढीग केला. दिवाळीनंतर पाणी उतरलं, तेव्हा बाप-लेकींनी ते एकेक करून बसवले. हिवाळाभर पहाटेपासून छिन्नीचा आवाज गावात ऐकू यायचा. मोठ्या दगडांच्या फटींत पोरांनी आणलेले मुठीएवढे दगड गच्च भरले, कारण म्हादबा म्हणायचा, मोठ्या दगडाला बारकाच धरून ठेवतो. पुढचे दोन पावसाळे आले आणि गेले. पाणी वरून सांडत गेलं, सांडवा तसाच राहिला. पण भर पुरात त्याच्यावरून चालून जायची वेळ अजून कोणावर आली नव्हती.

मग धोंडीच्या जन्मानंतर एकोणीस वर्षांनी अधिक आषाढ आला. अन्नपूर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून कोणी घाई केली नव्हती. पण एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या, आणि आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. काही लोक सांगतात की तीही शुद्ध पंचमीच होती. गुरवबाबांचं म्हणणं, तिथीपर्यंत जुळायची गरज नाही. महिना तोच होता, एवढं खरं.

रामेश्वरभट आता थकले होते. ते पावसात भिजत स्वतः म्हादबाच्या दारात आले. "धोंडी," एवढंच म्हणाले आणि हात जोडायला लागले. धोंडीने त्यांचे हात धरले. "घरी जा, पाणी तापवायला सांगा," म्हणाली आणि निघाली.

म्हादबाने मोटेचा जाड नाडा घेतला. एक टोक आंब्याला बांधलं, दुसरं लेकीच्या कमरेला, आणि मधला दोर आपल्या हातात ठेवला. सांडव्यावरून गुडघ्याच्या वर पाणी जात होतं. दगड दिसत नव्हते, दिसत होती ती फक्त तांबड्या पाण्यातली फेसाची वाकडी रेघ. धोंडीने पाय टाकला.

"डावीकडं सपाट हाय!" म्हादबा काठावरून ओरडला. "आता दोन पावलं सरळ. पुढं खोबण हाय, लांब टांग टाक!" पाण्याखालचा एकेक दगड त्याला पाठ होता. पसरट पात्रात पाणी पळत होतं, पण अरुंद उतारासारखं गरजत नव्हतं. त्याचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. मध्यावर तिचा पाय निसटला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. म्हादबाने नाडा ताणून धरला. त्याचे तळवे सोलवटून निघाले. ती उठली आणि पुढे गेली.

पलीकडे या काठावरच्या हाका ऐकून भिवराबाई गाठोडं घेऊन आधीच येऊन बसली होती. तिची नजर मंद झाली होती, गुडघे धरले होते. "मला पाठुंगळी घे," ती म्हणाली. "मी डोळं मिटून घेते. ते पाणी मला बघवत न्हाई." धोंडीने तिला पाठीवर घेतलं, लुगड्याच्या पदराने आपल्याशी बांधलं आणि पुन्हा सांडव्यावर उतरली. येताना म्हादबाचा आवाज घोगरा झाला होता, पण थांबला नव्हता. दोन्ही काठांवर गाव उभं होतं आणि दुसरं कोणी एक अक्षर बोलत नव्हतं. धोंडीने या काठावर पाय ठेवला, तेव्हा भिवराबाईने डोळे उघडून विचारलं, "आलो?"

"आलो."

"मग इथं काय उभ्या राहता? घर कुठलं?"

अन्नपूर्णेचं मूल आडवं होतं. भिवराबाईने ते हाताने फिरवलं. दुपार कलताना मुलगी झाली आणि आई हाशहुश करत का होईना, पण बोलत होती. रामेश्वरभट ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. नातीचं रडणं ऐकल्यावर त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

बाराव्या दिवशी त्यांनी पाळणा बांधायला सांगितला. गावातले दोन-चारजण चपापले. "जोशीबुवा, महिना अधिक चाललाय. बारसं कसं?"

"एकदा थांबा म्हणालो होतो," रामेश्वरभट म्हणाले. "त्या पोरीचं बारसं अजून व्हायचं आहे."

मग त्यांनी धोंडीला पुढे बोलावलं. "आज तुझंही नाव ठेवू. सांग, कोणतं हवं?"

धोंडीने विचार केला. बायका आपापली नावं सुचवायला लागल्या, कोणी गोदावरी, कोणी रुक्मिणी. ती म्हणाली, "एवढी वर्षं लोकांनी याच नावानं हाक मारली आन् मी ओ दिली. आता दुसऱ्या नावानं कुणी बोलावलं तर मला कळायचं न्हाई. नाव ऱ्हाऊ द्या. वाढदिवस मात्र करा. माझा महिना आलाय."

त्यांनी पाट मांडला. म्हादबाची एकोणीस वर्षांची लेक पहिल्या वाढदिवसाला पाटावर बसली. अन्नपूर्णेला बाजेवरून उठायची मनाई होती. ती तिथूनच "आधी अक्षता, मग सुपारी," असं सांगत होती. भिवराबाईने ओवाळलं. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून निरांजन बरंच खाली-वर झालं. म्हादबा दारात उभा होता. साखर हातावर घेताना धोंडी एकदम रडायला लागली आणि मग सगळ्याच बायका रडायला लागल्या, असं सांगतात. पुढे ती भिवराबाईपाशी सुईणपण शिकली आणि सांडव्यावरून दोन्ही गावांना म्हातारपणापर्यंत जात-येत राहिली.

आजही अधिक महिना लागला की शेलवण आणि पैलवाडीची मुलं प्रत्येकी तेहेतीस दगड गोळा करतात आणि आपापल्या काठाने सांडव्यात बसवतात. पावसाळी महिना असला तर काठावर रचून ठेवतात आणि दिवाळीनंतर बसवतात. अधिकातलं मूल श्रावणातलं असो की ज्येष्ठातलं, त्याचं औक्षण येईल त्या अधिक महिन्यात होतं. स्वतःच्या महिन्यासाठी त्याला एकोणीस वर्षं थांबावं लागत नाही. बाकी सगळीकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून तेहेतीस अनारशांचं ताट देतात. शेलवणातही देतात. पण इथे पहिलं ताट सुईणीचं, आणि तिने एक अनारसा मोडल्याशिवाय कुठल्याही जावयाने आपल्या ताटाला हात लावायचा नाही.

आता सुईणीच्या जागी आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई असतात. मागच्या अधिक श्रावणात त्या सकाळीच लसीकरणाला पैलवाडीला गेल्या आणि तिथे एक बाई अडल्यामुळे अडकल्या. त्या परत येईपर्यंत दुपारचे चार वाजले. देवळाच्या मंडपात सत्तावीस जावई पाटावर ताटकळत बसले होते, ताटातले अनारसे मऊ पडले होते, आणि एकानेही कुरकुर केली नाही. नर्सबाई आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "मुलगा झाला. दोघं छान आहेत." मग त्यांनी अनारसा मोडला.